तारेचा सांधा

वीज कशी निर्माण होते, हे शाळेच्या पुस्तकांत सांगितलेले असते. ती घरात आल्यावर काय काय कामे करते, हे आपण रोज डोळ्यांनी पाहतो. परंतु या दोहोंच्या दरम्यान एका तारेचे टोक दुसऱ्या तारेला, किंवा एखाद्या यंत्राच्या खुंटीला, जेथे भेटते त्या जागेचा विचार सहसा कोणी करीत नाही. ती जागा भिंतीत लपलेली असते, पत्र्याच्या पेटीत बंद असते, जमिनीखाली पुरलेली असते, नाही तर खांबाच्या माथ्यावर, नजरेच्या पलीकडे असते. तथापि दिवा लुकलुकला, दूरध्वनीत खरखर झाली, चालती मोटार वाटेत थांबली, की जाणता कारागीर प्रथम जो शोध घेतो तो अशा जागेचाच. तार मधोमध क्वचितच बिघडते. बिघडतो तो सांधा.

या सांध्याचा इतिहास सांगावयाचा तर तो जबलपूरच्या आधाराने सांगणे सोयीचे आहे. हे शहरच मुळी सांध्यावर वसलेले आहे, असे म्हटले तरी चालेल. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे या दोन लोहमार्गांची गाठ पडली ती मार्च १८७० मध्ये, जबलपूर येथे. त्या दिवसापासून मुंबई आणि कलकत्ता ही दोन टोके रुळांनी जोडली गेली. १९५० पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रांतात होते. त्या प्रांताची राजधानी नागपूर. त्यामुळे मराठी आणि हिंदी यांचाही येथे एक जुना सांधा आहे. रेल्वे, न्यायालये, महाविद्यालये आणि सरकारी कारखाने यांच्या निमित्ताने गेलेली मराठी कुटुंबे तेथे पिढ्यानुपिढ्या नांदत आली आहेत. शहराच्या उत्तरेस, राणी दुर्गावतीच्या दिवाणाचे नाव मिरविणाऱ्या आधारतालाच्या पलीकडे, महाराजपूर आहे. त्याच्या शेजारीच रिछाईची औद्योगिक वसाहत आहे. लोखंड कापणाऱ्या, पत्रा वाकविणाऱ्या आणि तारा जोडणाऱ्या हातांचा हा परिसर आहे. विजेच्या सांध्याची जी स्थित्यंतरे जगात झाली, त्यांपैकी बहुतेकांचा संबंध या एका शहराशी कोठे ना कोठे येतो.

प्रारंभ मात्र कलकत्त्यापासून करावा लागतो. तेथील वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारे विल्यम ओशॉनेसी नावाचे एक आयरिश डॉक्टर होते. त्यांनी १८३९ मध्ये बांबूंच्या आधारावर सुमारे वीस मैल लोखंडी तार फिरवून तिच्यातून विजेचे संकेत पाठवून दाखविले. पुढे १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारेची वाट उघडली. तिच्यासाठी ओशॉनेसींनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी कांब वापरली. जेथे ती जमिनीखालून न्यावयाची, तेथे डांबरात भिजविलेल्या कापडाच्या थरांत गुंडाळून, कौलांच्या ओळीत ठेवून, वर वाळू आणि राळ यांचा वितळलेला लेप ओतावयाचा, अशी त्यांची योजना होती. आपल्या देशात विद्युत्‌रोधक वेष्टनाची सुरुवात झाली ती अशी, कौले, कापड आणि राळ यांनी. २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून कलकत्त्यास पहिला संदेश गेला, आणि १८५५ मध्ये ही सेवा सर्वसामान्य लोकांना खुली झाली. तोपर्यंत मुंबई आणि मद्रास ही शहरेही या जाळ्यात आली होती. जाळे सुमारे चार हजार मैलांचे होते.

चार हजार मैल तार एकसंध कोठून आणणार? तिचे तुकडे असतात आणि तुकडे म्हटले की सांधे आले. त्या काळी सांधा करण्याच्या दोन रीती प्रचारात आल्या. एका रीतीत दोन तारा काही इंच एकमेकींच्या अंगाला अंग लावून ठेवावयाच्या, त्यांची टोके किंचित वाकवावयाची, त्यांवर बारीक तारेचे वेढे घट्ट आवळावयाचे आणि मग सगळ्यावर डाख ओतावयाचा. याला ब्रिटानिया सांधा म्हणत. दुसऱ्या रीतीत दोन तारा परस्परांभोवतीच पिळून घ्यावयाच्या. अमेरिकेतील एका तार कंपनीच्या नावावरून हिला वेस्टर्न युनियन सांधा असे नाव पडले. पहिल्या रीतीत भार डाखावर अधिक, दुसऱ्या रीतीत पिळावर अधिक. परंतु तार खात्यातला माणूस पिळाच्या सांध्यालाही शक्य तेथे डाख देई. नुसता पिळ ऊन, वारा आणि पाऊस यांनी ढिला होतो, आत गंज शिरतो, आणि जेथून वीज सुखाने जात होती तेथे ती अडखळू लागते, हे त्याला अनुभवाने ठाऊक झाले होते.

डाख म्हणजे कथील आणि शिसे यांचे मिश्रण. सोनार, कासार आणि कल्हईवाले यांच्यामुळे हा पदार्थ आपल्याकडे पूर्वापार परिचयाचा आहे. या दोन धातूंचे योग्य प्रमाण साधले तर हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे तांबे किंवा लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी. वितळलेला डाख स्वच्छ तांब्याला धरतो, त्याच्या फटींत शिरतो आणि थंड झाल्यावर दोन्ही तारांना एकजीव करतो. उघड्या तारेपुरता हा उपाय उत्तम होता.

अडचण आली ती वेष्टन असलेल्या तारेची. १८४३ च्या सुमारास मलायातील गटापर्चा नावाच्या झाडाचा चीक युरोपात पोहोचला. ऊन पाण्यात तो मऊ होतो आणि थंडीत कडक होतो. हे वेष्टन चढविलेली तार समुद्रात टाकता येऊ लागली. १८७० मध्ये, म्हणजे जबलपूरला दोन लोहमार्ग मिळाले त्याच वर्षी, एडनमार्गे सुएझपासून मुंबईपर्यंत समुद्रातली तार पोहोचली. पुढे रबर, सूत आणि रेशीम, शिशाच्या नळीतला कागद, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र दिसू लागलेले प्लास्टिक अशी वेष्टने आली. वेष्टन आले की सांध्याचे काम दुपटीने अवघड होते. वेष्टन सोलावे लागते, आणि सोलताना चाकूचा ओरखडा तांब्यावर उठता कामा नये. कारण जेथे ओरखडा तेथेच तार पुढे तुटते. मग तांबे घासून लखलखीत करावयाचे, पिळावयाचे, राळ लावून डाख द्यावयाचा. डाखाच्या उष्णतेने जवळचे वेष्टन करपता कामा नये. राळेऐवजी घाईने आम्ल वापरले तर ते आत राहून तांबे खाऊ लागते. शेवटी काढलेल्या वेष्टनाच्या जागी नवे वेष्टन चढवावयाचे, आणि तेही असे, की पावसाळ्याचा ओलावा आत शिरणार नाही. एका सांध्याला एवढे सोपस्कार. एकेका दूरध्वनी केबलीत शेकडो जोड्या. खड्ड्यात बसून, दिव्याच्या उजेडात, हे काम करणाऱ्या माणसाच्या चिकाटीची कल्पना शहरात निवांतपणे बोलणाऱ्याला सहसा येत नाही.

ही चिकाटी शिकविण्याची जी ठिकाणे देशात निघाली, त्यांत जबलपूरचे स्थान मोठे आहे. १९४२ साल. जपानी सैन्य ब्रह्मदेशात येऊन ठेपले होते, आणि वर्षअखेरीस कलकत्त्यावर बाँबही पडले. समुद्रापासून दूर, देशाच्या मध्यभागी आणि लोहमार्गांच्या संगमावर असलेल्या जबलपुराला अशा वेळी साहजिकच महत्त्व आले. त्याच वर्षी येथे तार खात्याचा कारखाना उभा राहिला, आणि टपाल व तार खात्याच्या अभियंत्यांना व तंत्रज्ञांना शिक्षण देणारे केंद्रही सुरू झाले. हेच केंद्र आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने ओळखले जाते. सैन्याच्या सिग्नल दळाचे शिक्षण केंद्रही याच शहरात आहे. त्याच १९४२ मध्ये खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तोफगाड्यांचा कारखाना तर १९०४ पासूनचा. अशा रीतीने, तारेचा सांधा ज्यांच्या पोटापाण्याचा किंवा जिवाचा प्रश्न आहे अशी अनेक माणसे एका शहरात एकत्र आली.

जिवाचा प्रश्न, हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. रणांगणावरचा सांधा सुटला तर हुकूम पोहोचत नाही, आणि विमानातला सुटला तर विमान परत येत नाही. दुसऱ्या महायुद्धातील एका विमानात शेकडो, मोठ्या विमानात हजारो सांधे असत. ते सर्व डाखाने करावयाचे म्हटले तर तितके कुशल हात कोठून आणावयाचे? आणि आणले तरी आणखी एक अडचण होती. अनेक बारीक तंतू पिळून केलेली तार लवचीक असते, म्हणूनच ती हादऱ्यांना टिकते. डाख मात्र त्या तंतूंच्या फटींतून वर चढतो आणि तेवढ्या भागापुरती ती तार काठीसारखी ताठ करून टाकतो. जेथे ताठ भाग संपतो आणि मऊ भाग सुरू होतो, नेमक्या त्या रेषेवर इंजिनाचे हादरे एकवटतात, आणि तंतू एकेक करून तुटू लागतात. वरून सांधा चकचकीत दिसतो, आणि आतून तो मरत असतो.

यावरचा उपाय अमेरिकेत आकाराला आला. त्याचे बीज थोडे आधीचे आहे. बर्न डिबनर नावाचे एक तरुण अभियंते १९२० नंतरच्या काळात क्यूबा बेटावरील वीजव्यवस्थेच्या एकीकरणाचे काम करीत होते. वेगवेगळ्या जाडीचे वाहक परस्परांना जोडण्याची तेथे रोजची गरज होती. डाखाशिवाय, केवळ दाबाने, असे वाहक जोडता येतील अशी साधने त्यांनी रचली, आणि १९२४ मध्ये बर्न्डी या नावाने स्वतःचा कारखाना काढला. याच डिबनरांनी पुढे विज्ञानाच्या इतिहासावरील ग्रंथांचा असा संग्रह केला, की जगातील त्या विषयाच्या श्रेष्ठ ग्रंथालयांत त्याची गणना झाली. सांधे बनविणारा माणूस इतिहासाच्या नादी लागला यात नवल वाटू नये. जुने आणि नवे यांचा सांधा जुळविण्याचेच ते काम आहे.

दुसरे नाव अंकस व्हिटेकर यांचे. १९४१ मध्ये त्यांनी विमाने आणि जहाजे यांच्या तारांसाठी बिनडाखी जोड बनविणारी एक कंपनी काढली. तिचे पहिले नावच मुळी एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स, म्हणजे विमान-नौका साहित्य, असे होते. पुढे तिच्या आद्याक्षरांचे अँप हे नाव जगभर झाले. तिची वस्तू दिसावयास अगदी साधी होती. तांब्याची एक आखूड नळी, तिच्या पुढच्या टोकाला खुंटीत अडकविण्याचे कडे. तारेचे टोक सोलावयाचे, नळीत घालावयाचे, आणि खास घडविलेल्या पकडीने नळी दाबावयाची. झाले. आग नाही, राळ नाही, डाख नाही. आपल्याकडे विजेच्या कामावरील माणसे या वस्तूला लग किंवा थिंबल म्हणतात, आणि दाबण्याच्या क्रियेला क्रिंपिंग. आपण तिला चेपसांधा म्हणू.

ही क्रिया आपल्या घरातल्या बायकांना फार जुन्या काळापासून अवगत आहे. करंजीला मुरड घालतात ती आठवा. दोन पदर नुसते एकावर एक ठेवले तर कढईत उकलतात आणि सारण तेलात पसरते. बोटांनी नेमका दाब देऊन कड दुमडली की दोन पदरांचा एक पदर होतो. दाब कमी पडला तर करंजी फुटते, आणि जास्त झाला तर पारीच फाटते. खमरियासारख्या कारखान्यांत काडतुसाचे तोंड गोळीभोवती आवळतात, तीही याच कुळातली क्रिया. मात्र धातूची गोष्ट पिठाहून एका बाबतीत निराळी आहे, आणि त्या एका बाबतीतच चेपसांध्याच्या रचनेचे सारे मर्म साठविलेले आहे.

धातूचा कितीही गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ असतो. दोन धातू एकमेकांवर टेकले म्हणजे केवळ काही शिखरे शिखरांना भेटतात, आणि सारी वीज त्या मोजक्या बिंदूंतून वाट काढते. राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये या विषयाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ या शास्त्राचा पाया समजला जातो. दाब वाढविला की शिखरे चेपतात, भेटीचे बिंदू वाढतात, आणि सांध्याचा विरोध उतरतो. दाबताना तांब्याचे तंतू नळीच्या आतील खाचांवरून घासत लांबतात, त्यांच्यावरची काळपट पुटे फाटतात, आणि आतले ताजे तांबे ताज्या तांब्याला भिडते. मधे हवेला जागाच उरत नाही, म्हणून गंजही शिरू शकत नाही.

परंतु धातूला उसळी असते. पकड सुटताच नळीही किंचित मागे येते आणि तंतूही किंचित फुगतात. नळी जास्त मागे आली तर आतला दाब संपला आणि सांधा ढिला पडला. तंतू जास्त फुगू पाहत असतील तर ते नळीला आतून कायम रेटत राहतात आणि सांधा जन्मभर आवळलेला राहतो. म्हणून नळीचे तांबे मऊ असावे लागते, तिची जाडी तारेच्या मानाने ठरवावी लागते, आणि पकडीच्या जबड्याचा आकारही त्या जोडीशी जुळणारा असावा लागतो. आणखीही एक पेच आहे. दाब हळूहळू वाढवीत नेला तर सांध्याची ओढ सोसण्याची शक्ती आधी वाढते, एका टप्प्यावर कळसाला पोहोचते, आणि पुढे तंतू पिचू लागल्याने उतरते. विजेच्या दृष्टीने उत्तम असा दाब त्या कळसाच्या थोडा पलीकडे असतो. रचनाकाराला या दोन कळसांच्या मधली जागा निवडावी लागते. थोडी ताकद सोडावयाची आणि थोडा वीजगुण मिळवावयाचा, असा हा व्यवहार आहे.

वेष्टन असलेल्या तारेसाठी जी जोडसाधने झाली, त्यांत याखेरीज आणखी एक शहाणपण दिसते. त्यांना नळीच्या मागे दुसरी एक नळी असते. पहिली तांब्याला आवळते, आणि दुसरी वेष्टनाला. दुसरीचा विजेशी काही संबंध नाही. तार हलली, वाकली, हादरली, तर तो ताण उघड्या तांब्यावर न येता वेष्टनावर यावा, एवढेच तिचे काम. नळीचे मागचे तोंड घंटेसारखे थोडे पसरट ठेवतात, म्हणजे तिची धार तंतूंना कापीत नाही. वरून प्लास्टिकचे टोपण चढविलेले असते, आणि त्याचा रंग तारेची जाडी सांगतो. अर्ध्यापासून दीड चौरस मिलिमीटरपर्यंत लाल, दीडपासून अडीचपर्यंत निळा, आणि चारपासून सहापर्यंत पिवळा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चूक होऊ नये, अशी ही लिपी आहे.

सर्वांत मोठा विचार मात्र पकडीत केलेला आहे. चांगल्या क्रिंपिंग पकडीला दाते असलेली एक खीळ असते. दाब पुरता झाल्याशिवाय ती पकड उघडतच नाही. कारागीर थकलेला असो, नवखा असो, घाईत असो, अर्धवट दाबून पुढे जाण्याची मुभा त्याला नाही. डाखाच्या सांध्यात सगळे कौशल्य माणसाच्या हातात होते. चेपसांध्यात त्यातले बरेचसे नळीत आणि पकडीत आधीच घालून ठेवलेले असते. हे स्थित्यंतर लहान नव्हे. ज्या कामाला कारागिराची अनेक वर्षे लागत, ते काम काही दिवसांत शिकता येऊ लागले. पण त्याबरोबरच कौशल्याची मालकी हातांकडून हत्याराकडे गेली.

जबलपुरात या स्थित्यंतराला मोठे क्षेत्र मिळाले ते मोटारींमुळे. १९५९ मध्ये तोफगाड्यांच्या कारखान्यात जर्मनीच्या मॅन कंपनीच्या सहकार्याने शक्तिमान या लष्करी मालमोटारीची जुळणी सुरू झाली. त्यानंतर निस्सान कंपनीच्या आराखड्यावरची एक लष्करी जीपगाडी येथे तयार होऊ लागली. तिला जोंगा असे नाव मिळाले, आणि ते जबलपूर, ऑर्डनन्स, गनकॅरेज, असेंब्ली या शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनविलेले आहे. १९६९ मध्ये स्वतंत्र वाहन कारखानाच उभा राहिला. शक्तिमानचे उत्पादन १९९६ पर्यंत आणि जोंगाचे १९९९ पर्यंत चालले. मोटार म्हणजे चाकांवरचा हादरा. हिमालयातील घाटांत थंडीने गोठावयाचे, राजस्थानच्या वाळूत तापावयाचे, आणि पूर्वांचलच्या पावसात महिनोन्‌महिने भिजावयाचे. तिच्यातील तारांचा जुडगा दिव्यांपासून बॅटरीपर्यंत आणि इंजिनापासून फलकावरील काट्यांपर्यंत पोहोचतो, आणि त्याच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला एक सांधा असतो. मोटारींच्या जगात चेपसांध्याने डाखाला मागे टाकले, त्याचे कारण हा हादराच होय.

दूरध्वनीच्या क्षेत्रात याच कल्पनेने आणखी एक पाऊल पुढे टाकले. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील बेल संस्थेने असा जोड काढला, की त्यासाठी तार सोलण्याचीही गरज उरली नाही. वेष्टनासकट दोन तारा एका छोट्या नळीत घालावयाच्या आणि दाबावयाच्या. आतील धातूचे दात वेष्टन भेदून तांब्याला भिडतात. पुढे अशा जोडांत ओलावा अडविणारा चिकट पदार्थही भरलेला येऊ लागला. आपल्याकडे १९८० नंतर प्लास्टिक वेष्टनाच्या आणि जेली भरलेल्या दूरध्वनी केबली सर्वत्र पडू लागल्या. तेव्हा बटणाएवढे हे जोड तारखात्यातील माणसाच्या पिशवीत आले, आणि कागदाची नळी व पिळाचा सांधा हळूहळू मागे पडला. पहिल्या मुसळधार पावसात मुकी होणारी जुनी केबल ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या बटणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

श्रोतेहो, आता आपल्या घराकडे वळू. विजेचा एक नियम असा आहे, की सांध्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, एका सांध्याचा विरोध केवळ ०.१ ओहम आहे. त्यातून १ अँपिअर प्रवाह गेला तर तेथे ०.१ वॅट उष्णता होते, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण पाणी तापविण्याच्या यंत्रासाठी १५ अँपिअर गेले की तीच उष्णता २२.५ वॅट होते. भिंतीतल्या बंद पेटीत, बोराएवढ्या जागेत, डाखाची कांडी तापावी तसे ते टोक तापू लागते. वेष्टन करपते, तांबे काळे पडते, काळेपणाने विरोध वाढतो, आणि वाढलेल्या विरोधाने आणखी उष्णता होते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपण होऊन थांबत नाही.

ॲल्युमिनियमच्या तारांनी हा धोका आपल्या देशात विशेष प्रकर्षाने पुढे आणला. तांबे आपल्याकडे कमी आणि ते बहुतांशी बाहेरून आणावे लागे, म्हणून अनेक वर्षे घरोघरी ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. ॲल्युमिनियमवर हवा लागताच एक अदृश्य पुट चढते आणि ते वीज अडविते. शिवाय हा धातू दाबाखाली संथपणे सरकत राहतो. त्यामुळे स्क्रूखाली घट्ट आवळलेली तार काही वर्षांनी सैल झालेली आढळते. उष्णतेने तो तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो. तांबे आणि ॲल्युमिनियम थेट जोडले आणि तेथे ओल आली, तर ॲल्युमिनियम झिजू लागते. यासाठी निराळे जोड करावे लागले. नळी ॲल्युमिनियमची आणि पुढचे टोक तांब्याचे, दोन्ही कारखान्यातच एकजीव केलेले. आत पुट खरवडून काढणारे आणि हवा दूर ठेवणारे मलम. जेथे ही काळजी घेतली जाते तेथे ॲल्युमिनियमही वर्षानुवर्षे इमाने काम करते.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. चेपसांध्याने कारागिरीची गरज संपविलेली नाही. ती त्याने दुसरीकडे हलविली आहे. पूर्वी कारागिराला हाताने उत्तम सांधा करावा लागे. आता त्याला योग्य नळी, योग्य तार आणि योग्य पकड यांची जोडी जुळवावी लागते. पिवळ्या टोपणात बारीक तार कोंबली, तर जगातील कोणतीही पकड तिला वाचवू शकत नाही. जाड तार बसत नाही म्हणून तिचे चार तंतू कापून टाकले, तर तेवढ्यापुरती ती बारीकच तार झाली. आधी टोकाला डाख देऊन मग ते नळीत दाबणे, हे दुप्पट पक्के वाटते, पण प्रत्यक्षात ते दुप्पट कच्चे ठरते. कारण डाख दाबाखाली हळूहळू सरकतो आणि सांधा सैल पडतो. खास पकड हाताशी नाही म्हणून साध्या पक्कडीने किंवा हातोडीने चेपलेले थिंबल तर आपल्याला गल्लोगल्ली पाहावयास मिळते. वरून पाहणाऱ्याला त्यात आणि चांगल्या सांध्यात फरक दिसत नाही. तो फरक कळण्याचे तीन मार्ग आहेत. तार ओढून पाहणे, नळीची चेपलेली उंची मापाने मोजणे, किंवा नमुन्याचा सांधा कापून त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. कारखान्यात हे तिन्ही होतात. घरात यांपैकी पहिलेही क्वचितच होते.

म्हणजे शेवटी प्रश्न पुन्हा माणसापाशीच येऊन थांबतो. ज्या कामाचे उत्तम आणि अधम नमुने वरून सारखेच दिसतात, त्या कामात एकच पहारेकरी असतो, आणि तो म्हणजे काम करणाऱ्याचे मन. खीळ असलेली पकड कारागिराला अर्धवट काम करू देत नाही, हे खरे. पण ती पकड पिशवीतून काढावयाची की नाही, हे तिच्या हातात नाही. त्यासाठी कारागिराला ती विकत घेण्याची ऐपत लागते, ती का घ्यावी हे सांगणारे शिक्षण लागते, आणि तिच्या कामाचे दोन पैसे अधिक मोजणारा घरमालकही लागतो. स्वस्त सांध्याची किंमत कोणाला तरी, केव्हा तरी द्यावीच लागते. ती बहुधा ज्याने पैसे वाचविले त्याला द्यावी लागत नाही. त्या घरात पुढे राहावयास येणाऱ्यांना ती द्यावी लागते.

कौले आणि राळ घेऊन निघालेल्या ओशॉनेसींपासून बटणाएवढ्या जोडापर्यंतचा हा प्रवास पावणेदोनशे वर्षांचा आहे. या काळात वेष्टने बदलली, धातू बदलले, हत्यारे बदलली. जबलपूरच्या शिक्षण केंद्रात आज काचेच्या तंतूंतून जाणाऱ्या प्रकाशाचेही धडे दिले जातात. त्या काचेचीही टोके जुळवावीच लागतात, आणि तेथेही काच स्वच्छ कापणे, पुसणे आणि नेमकी समोरासमोर आणणे या तीन गोष्टींना पर्याय नाही. महाराजपूर-रिछाईसारख्या भागांतून आणि आपल्या प्रत्येक गावाच्या बाजारपेठेतून रोज हजारो तारा दुकानातून घरांत जातात. त्या तारांच्या गुणाची ग्वाही त्यांच्यावरच्या छापावर असते. त्यांच्या सांध्यांची ग्वाही मात्र कोठेही छापलेली नसते. आपल्या घरी विजेचे काम निघेल, तेव्हा येणाऱ्या कारागिराला कोणती पकड आणली आहे, एवढे आदराने विचारावे, आणि झालेला सांधा झाकण लागण्यापूर्वी एकदा पाहावा. ज्याने तो मनापासून केला असेल, त्याला तो दाखविण्यात आनंदच वाटेल.